परिशिष्ट दोन : एका यादीचा अभ्यास

पूर्व उपनगरात डोंगराच्या उतारावर वसलेल्या आमच्या वस्तीच्या तोंडाशी माझे झेरॉक्सचे दुकान होते. १९९४ साली हप्त्याने एक जुने यंत्र घेऊन मी ते सुरू केले. सुरुवातीला शाळेचे दाखले, जातीचे दाखले, नोकरीचे अर्ज एवढेच काम असे. मग वस्तीत ‘योजना’ आली. लोक पत्र्याच्या ट्रंका, प्लास्टिकच्या पिशव्या, गादीखाली जपलेली पाकिटे घेऊन दुकानाशी रांग लावू लागले. फोटोपास, रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीचा उतारा असे सगळे काउंटरवर पसरून प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी, “भाऊ, यातलं कुठलं चालेल?”

मी दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस. पण रोज तीच कागदे यंत्रावर फिरवून आपल्याला यातले कळते, असे मला वाटू लागले होते. एक दिवस आमच्याच गल्लीत भाड्याने राहणाऱ्या एक मावशी आल्या. एकट्या, धुणीभांडी करणाऱ्या. पिशवीत मतदारयादीचा उतारा होता आणि दोऱ्याने बांधलेल्या भाड्याच्या पावत्या होत्या. मी वरवर पाहिले आणि म्हणालो, “मावशी, तुम्ही भाडेकरू. तुमचं नाही होणार. उगाच झेरॉक्सचे पैसे घालवू नका.” त्या पावत्या पुन्हा बांधून निघून गेल्या.

मी तेव्हा त्यांना काय सांगितले हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. हा लेख त्या कळण्याविषयी आहे. मी नगररचनाकार नाही, वकीलही नाही. शासन निर्णय, विकास नियंत्रण नियमावली आणि न्यायालयांचे निकाल मी दुकानात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्या वाचनातून माझी एक समजूत पक्की झाली. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाबद्दल आपण नेहमी बिल्डर, एफएसआय आणि टॉवर यांच्या भाषेत बोलतो. पण ज्याचे घर जाणार असते त्याचे भवितव्य ठरते ते एका यादीवर. तिचे सरकारी नाव आहे ‘परिशिष्ट दोन’.

यादीत काय असते?

पुनर्वसन योजनेच्या प्रस्तावाला तीन परिशिष्टे जोडतात. पहिल्यात जमिनीचा आणि बांधकामाचा हिशेब असतो, तिसऱ्यात विकासकाची आर्थिक ताकद असते. मधल्या दुसऱ्यात माणसे असतात. झोपडीचा क्रमांक, झोपडीधारकाचे नाव, वापर निवासी की बिगरनिवासी, क्षेत्रफळ, सादर केलेले पुरावे आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : पात्र किंवा अपात्र.

ही यादी सक्षम प्राधिकारी प्रमाणित करतो. जमीन महापालिकेची असेल तर महापालिकेचा अधिकारी, शासनाची असेल तर उपजिल्हाधिकारी, म्हाडाची असेल तर म्हाडाचा. पात्रतेची मूळ कसोटी कागदावर साधी आहे. ठरलेल्या तारखेच्या किंवा त्याआधीच्या मतदारयादीत नाव हवे आणि आज त्या झोपडीत प्रत्यक्ष वास्तव्य हवे. ठरलेली तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती. पुढे ती १ जानेवारी २००० झाली. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना अडीच लाख रुपये भरून घर देण्याचे धोरण आले. तारीख पुढे सरकते ती बहुधा निवडणुकीच्या आगेमागे, हे कुणाही मुंबईकराला सांगायला नको.

साध्या दिसणाऱ्या या कसोटीत दोन गाठी आहेत. पहिली अशी की नोंद माणसाची होत नाही, झोपडीची होते. एका झोपडीत तीन चुली असल्या तरी घर एकच. दुसरी अशी की गरीब माणसाचा कागद पावसात भिजतो, उंदीर कुरतडतो, पाडकामात हरवतो, आणि मतदारयादीत ‘शांताबाई’ची ‘सांताबाई’ होते. श्रीमंताच्या नावातली चूक दुरुस्त होते. झोपडीवाल्याच्या नावातली चूक हा पुरावा ठरतो.

यादीची जन्मकथा

झोपडीवाल्याला यादीत धरण्याची कल्पना १९९५ ची नाही. महाराष्ट्राने १९७१ साली झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम केला. नावातच तीन क्रियापदे दडलेली आहेत : सुधारा, हटवा, पुन्हा बांधा. पुढची पन्नास वर्षे सरकार आलटून पालटून तीनही करत आले आहे.

४ जानेवारी १९७६ रोजी सार्वजनिक जमिनींवरच्या झोपड्यांची एकाच दिवशी गणना झाली. मोजल्या गेलेल्यांना ओळखपत्र मिळाले. तोच आमच्याकडे ‘फोटोपास’ म्हणून देवघरात ठेवला जाई. पण गणनेला चार-साडेचार महिने होतात न होतात तोच, आणीबाणीत, मानखुर्दजवळची जनता कॉलनी पाडली गेली. भाभा अणुसंशोधन केंद्राला जागा हवी होती. सत्तर हजारांच्या आसपास माणसे चीता कॅम्पला हलवली गेली. या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम यांनी राष्ट्रीय झोपडीवासी महासंघ उभा केला, आणि २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोजलेला माणूसही हलवला जाऊ शकतो, हे त्या वर्षी स्पष्ट झाले.

१९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या सरकारने पदपथांवरच्या झोपड्या पाडून लोकांना शहराबाहेर पाठवायला घेतले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्यातले तत्त्व जगभर गाजले. गाजले नाही ते निकालाचे दुसरे अंग. रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला न्यायालयाने मुभा दिली आणि १९७६ च्या गणनेतल्यांना पर्यायी जागा द्या, असे सांगितले. तत्त्व सगळ्यांसाठी होते. जागा यादीतल्यांसाठी होती.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या पदपथवासीयांची स्वतः गणना केली. सरकारी गणनेत ही माणसे नव्हतीच. गणना सरकारने केली तर ती हुसकावण्याची पूर्वतयारी असू शकते. लोकांनी आपली आपण केली तर ती वाटाघाटीची सुरुवात असते. हा फरक मला त्या प्रयोगामुळे समजला.

‘मोफत’ घराचे गणित

१९८५ नंतर काही वर्षे वेगळी वाट चालली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झोपडीवाल्यांच्या सहकारी संस्थांना जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, पाणी-गटार-रस्ते करायचे आणि घर ज्याने त्याने सुधारायचे, अशी ती योजना होती. पंतप्रधान अनुदान प्रकल्पाचे १०० कोटी रुपयेही त्याच सुमारास मुंबईला मिळाले. कामे संथ चालत, पण माणूस जागच्या जागी राही.

१९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(१०) कलमाने खासगी विकासकाला दार उघडले आणि १९९५ मध्ये युतीचे सरकार ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन देऊन आले. दिनेश अफजुलपूरकर समितीच्या अहवालानंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे आपले ‘एसआरए’, त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्थापन झाले.

मोफत घराचा खर्च कोण करते? सरकार करत नाही, बिल्डर पदरचे घालत नाही. मूळ सूत्र असे होते. उपनगरात पुनर्वसनासाठी विकासकाने जितके बांधायचे, तितकेच आणखी त्याला बाजारात विकायला बांधता येई. शहरात प्रत्येक १० चौरस फुटांमागे साडेसात, धारावीसारख्या अवघड जागी १३.३३. जागेवर बसत नसेल ते ‘टीडीआर’ म्हणून दुसरीकडे वापरायचे. नंतर हे प्रमाण जमिनीच्या आणि बांधकामाच्या दरांशी जोडले गेले, पण तत्त्व तेच. म्हणजे आमच्या घराचा पैसा आमच्याच पायाखालच्या जमिनीतून निघतो.

हे एकदा समजले की पुष्कळ कोडी सुटतात. योजना कुठे होते? जिथे विक्रीचा दर चढा आहे तिथे. दरडीखालच्या, खाडीकाठच्या, जंगलाला लागून असलेल्या वस्त्या, ज्यांना सुरक्षित घराची गरज सर्वांत जास्त, तिथे बिल्डर फिरकत नाही. पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात, एकमेकींना खेटून का असतात? त्यांनी जितकी कमी जमीन व्यापावी तितकी विक्रीच्या इमारतीला मोकळी मिळते. हेक्टरी किमान ५०० घरांची अट होती, ती पुढे ६५० झाली. दोन इमारतींमधले अंतर कमी करण्याची सवलत नियमांनीच दिली.

आणि यादीत गडबड का होते, तेही कळते. पुनर्वसनाचे बांधकाम वाढले की विक्रीचे वाढते. म्हणून कुणीच राहत नसलेल्या झोपडीत एखादे नाव उगवते. उलट जो सह्या द्यायला तयार नाही, प्रश्न विचारतो, त्याचा पुरावा अचानक ‘अपुरा’ ठरतो. योजनेला आधी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे, आता ५१ टक्के पुरते. उरलेल्या ४९ जणांची घरेही त्याच बुलडोझरखाली जातात.

आठ लाख घरे पाच वर्षांत, असे तेव्हाचे उद्दिष्ट होते. तीस वर्षांत झाली ती सुमारे अडीच लाख.

यादीबाहेरचे

आता माझ्या घराविषयी. आमची झोपडी आईच्या नावावर. खाली आई, मी आणि माझे कुटुंब, वरच्या माळ्यावर धाकटा भाऊ आणि त्याचे कुटुंब. माळ्याला बाहेरून लोखंडी जिना होता, भावाचे रेशनकार्ड वेगळे होते, मतदारयादीत नाव १९९५ पूर्वीचे होते. परिशिष्ट दोनमध्ये आईच्या नावापुढे ‘पात्र’ आले. भावाचे नावच नव्हते. त्याला अपात्रही म्हटले नव्हते, कारण अपात्र ठरायलाही झोपडीचा क्रमांक लागतो आणि माळ्याला क्रमांक नसतो.

वस्ती पाडली तेव्हा आम्हाला संक्रमण काळाचे भाडे सुरू झाले. भाऊ टिटवाळ्याला गेला. त्याची घाटकोपरची नोकरी टिकली, पण सकाळी साडेपाचची लोकल धरायची आणि रात्री मुले झोपल्यावर घरी यायचे, असा त्याचा संसार झाला. वहिनीची चार घरची कामे सुटली. आमचे भाडेही दोन वर्षांनी थकले. विकासकाच्या कचेरीत चकरा मारता मारता तीन वर्षांची योजना आठ वर्षांवर गेली. (अलीकडे दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची अट प्राधिकरणाने विकासकांना घातली आहे. आमच्या वेळी ती असती तर वस्तीतली काही म्हातारी माणसे पत्र्याच्या संक्रमण शिबिरात न मरती.)

आई आजही म्हणते, “मला पात्र केलं म्हणजे नेमकं काय केलं? माझं एक पोर घरात ठेवलं, एक बाहेर काढलं.”

माळ्यावरचा भाऊ, भाडेकरू, नवऱ्याने टाकलेली आणि सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी झालेली बाई, तारखेनंतर आलेला मजूर, ही यादीबाहेरची माणसे. ती नाहीशी होत नाहीत. ती पुढच्या नाल्यावर, पुढच्या टेकडीवर जातात. एक वस्ती उठते आणि दुसरीकडे दुसरी बसते, ती का, याचे उत्तर यादीच्या शेवटच्या रकान्यात आहे.

त्या मावशींचे सांगायचे राहिले. नियमावली मी पहिल्यांदा मुळातून वाचली ती भावाच्या प्रकरणात काही करता येते का, हे पाहण्यासाठी. तेव्हा एका शब्दापाशी थांबलो. घर मिळते ते ‘प्रत्यक्ष वास्तव्य करणाऱ्याला’. झोपडी कुणी बांधली, भाडे कोण घेतो, याला तिथे महत्त्व नाही. मावशींचे मतदारयादीत नाव होते आणि राहत त्याच होत्या. त्यांनी दावा केला असता तर तो उभा राहू शकला असता. तो केलाच गेला नाही, कारण मी त्यांना परत पाठवले. घरमालक दुसरीकडे राहत होता. त्याने स्वतःचे नाव लावले आणि तो पात्र झाला. मावशी कुठे गेल्या ते कुणालाच माहीत नाही.

इमारतीत गेल्यावर

यादीतल्यांचे पुढे काय होते? आम्हाला सातव्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. (नंतरच्या योजनांत ते २६९ आणि आता ३०० चौरस फूट झाले आहे.) चांगले तेही सांगितले पाहिजे. घरात संडास आला. पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहणे संपले. पत्नीचे नाव घरावर लागले, कारण वाटप पती-पत्नीच्या संयुक्त नावाने होते. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पत्ता सांगताना आवाज खाली जाईनासा झाला. इमारत मिळालेल्यांना पुन्हा झोपडीत जा म्हटले तर बहुतेक जाणार नाहीत.

पण झोपडीला ओटा होता. आई त्यावर पापड लाटायची, वाळवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला विकायची. सातव्या मजल्यावर पापडही वाळत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही. देखभालीसाठी दर घरामागे २० हजार रुपये विकासकाकडून जमा होत, त्यांचे व्याज लिफ्टच्या विजेलाही पुरत नाही. लिफ्ट बंद पडली की आई घरात कैद. थकबाकीवरून संस्थेत भांडणे, मग पाणी बंद, मग कुणीतरी गुपचूप घर विकून पुन्हा चाळीत जातो. ठरावीक वर्षे विकायचे नाही, हा नियम कागदावर असतो. पोटाची अडचण त्याच्याआधी येते.

प्रकाश आणि वारा हा यातला सर्वांत गंभीर भाग. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये मांडला. इमारती जिथे खेटून आहेत तिथे, आणि त्यातही ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, क्षयाचे प्रमाण जास्त आढळले. जागा वाचवण्यासाठी दिलेल्या सवलतीची किंमत अशी फुप्फुसांनी चुकवली.

माहुलची गोष्ट त्याच्या पुढची. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून हजारो माणसांना चेंबूरच्या माहुल गावात, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी ठेवले गेले. तिथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. रहिवाशांनी विद्याविहारला रस्त्यावर ठिय्या दिला, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश शासनाला दिला. ही सगळी माणसे ‘पात्र’ होती, हे लक्षात घ्यावे.

आज धारावी

आता हीच यादी धारावीत तयार होते आहे. २०२२ मध्ये अदानी समूहाने ५,०६९ कोटींची बोली लावून प्रकल्प मिळवला. २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र कुटुंबांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. २००० ते २०११ मधल्यांना महानगर प्रदेशात अन्यत्र अडीच लाखांत, आणि त्यानंतरचे तसेच माळ्यावरचे यांना भाड्याने किंवा भाडेखरेदीने. माळ्यावरच्या माणसाची नोंद होते आहे, हे पुढचे पाऊल आहे, हे मी माझ्या भावाला आठवून मान्य करतो. पण धारावीत घर आणि धंदा एकाच छपराखाली आहे. कुंभारवाड्यातली भट्टी, चामड्याचे काम, भंगाराची निवड, इडल्यांचे डबे, हे सगळे माळ्यावर राहणाऱ्या आणि खाली काम करणाऱ्या माणसांवर चालते. माळा मिठागराच्या जमिनीवर किंवा देवनारला गेला तर खालच्या कारखान्यात येणार कोण?

३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीच्या एका रखडलेल्या योजनेच्या प्रकरणात १९७१ च्या कायद्याबद्दलच चिंता व्यक्त केली. या कायद्याखालची सोळाशेहून अधिक प्रकरणे उच्च न्यायालयात पडून असल्याचे नोंदवून, कायद्याच्या कामगिरीचे परीक्षण उच्च न्यायालयाने करावे, असे सुचवले. हे परीक्षण करणाऱ्यांनी किती चौरस फूट बांधले ते मोजावेच. त्याबरोबर प्रत्येक परिशिष्ट दोनमधून किती माणसे गळली आणि ती आज कुठे आहेत, तेही मोजावे, एवढीच माझ्यासारख्याची अपेक्षा आहे.

काय करता येईल

मोठे धोरण मी सांगणार नाही. दुकानदाराला दिसते तेवढे सांगतो. यादी करण्याआधी वस्तीने आपली गणना आपण करावी : घर, माळा, भाडेकरू, धंदा, सगळे. प्रारूप यादी चौकात लागते तेव्हा आपले नाव पाहून घरी जाऊ नये. शेजारच्या ज्या बाईला वाचता येत नाही तिचे नावही पाहावे. हरकत लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी. अपात्र ठरलेल्याला अपील असते, ते मुदतीत करावे. भाडेकरूने आपण होऊन माघार घेऊ नये. आणि संमतीची सही मतदानासारखी समजावी. एकदा दिली की पाच वर्षांनीसुद्धा परत मिळत नाही.

माझे दुकान वस्तीबरोबरच गेले. गुमास्ता परवाना होता म्हणून नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळा मिळाला. यंत्र नवे आहे. शेजारच्या वस्तीत आता योजना येते आहे, लोक पिशव्या घेऊन येतात आणि तोच प्रश्न विचारतात. मी कुणालाही ‘तुमचं नाही होणार’ असे सांगत नाही. पिशवीतले सगळे कागद बाहेर काढायला लावतो, एकेक वाचतो आणि सगळ्यांच्या दोन-दोन प्रती काढतो. भाड्याच्या पावत्यांच्या पैसे घेत नाही.